अनामतीतून कापलेल्या रकमेचा हिशेब कसा मागावा?

प्रश्न : गेल्या महिन्यात आम्ही स्वतः चालवण्याची गाडी भाड्याने घेऊन इंदूरहून मांडू आणि महेश्वर असा दोन दिवसांचा प्रवास केला. गाडी परत केल्यानंतर पाच दिवसांनी कंपनीचा संदेश आला की, ५,००० रुपयांच्या अनामतीतून ४,२०० रुपये कापले आहेत. त्यात मागच्या बंपरवरील ओरखड्याचे २,८००, मर्यादेपेक्षा जास्त धावलेल्या ६० किलोमीटरचे ९०० आणि टोलचे ५०० रुपये धरले आहेत. गाडी ताब्यात घेताना त्यांच्या माणसाने कसलीही हरकत घेतली नव्हती. फोन केल्यास ‘करारावर तुमची सही आहे’ एवढेच सांगतात. काय करावे?
– एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : सही करून आपण आकारणीचे नियम मान्य केलेत, परंतु ओरखडा आपल्याच हातून पडला आणि त्याच्या दुरुस्तीला २,८०० रुपये लागले, हे त्या सहीने सिद्ध होत नाही. म्हणून एकूण रकमेवर वाद घालत न बसता तिन्ही रकमांचा पुरावा ईमेलने वेगवेगळा मागावा आणि उत्तरासाठी पंधरा दिवसांची मुदत द्यावी.

बंपरच्या बाबतीत गाडी देतानाची व परत घेतानाची, तारीख आणि वेळ दिसणारी छायाचित्रे, परतीच्या वेळी भरलेला तपासणीचा कागद आणि गॅरेजचे पक्के बिल मागावे. नुसत्या अंदाजपत्रकावर समाधान मानू नये. मधल्या पाच दिवसांत ती गाडी दुसऱ्या ग्राहकाने नेली होती का, हेही स्पष्ट शब्दांत विचारावे, कारण माझ्या मते आपल्या प्रकरणाचा निकाल याच प्रश्नावर लागेल. याच नुकसानीसाठी विम्याचे पैसे मिळाले असतील, तर तीच रक्कम पुन्हा आपल्याकडून घेणे उचित नाही. ग्राहकाने जास्तीत जास्त किती भरपाई द्यायची याची मर्यादा अनेक करारांत असते. तीही तपासून पाहावी.

इंदूर ते मांडू सुमारे १००, तेथून महेश्वर सुमारे ४० आणि परतीचे सुमारे ९० किलोमीटर धरले, तर मुख्य प्रवास २३० किलोमीटरच्या आसपास भरतो. स्थानिक फिरणे त्यात वाढवावे लागेल, त्यामुळे केवळ नकाशावरील अंतरावर विसंबू नये. दोन्ही वेळच्या मीटरच्या आकड्यांची छायाचित्रे आणि गाडीत जीपीएस असल्यास त्याची नोंद मागावी. टोलचा प्रश्न सोपा आहे. फास्टॅगच्या विवरणात नाका, दिनांक आणि वेळ असते. ती आपल्या प्रवासाशी जुळत असल्यास ५०० रुपये त्याच ईमेलमध्ये मान्य करून टाकावेत, म्हणजे उरलेल्या हरकतीचे वजन वाढेल.

उत्तर आले नाही किंवा ते असमाधानकारक असले, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. ही हेल्पलाइन कंपनीला आदेश देऊ शकत नाही, ती केवळ मध्यस्थी करते; तरीही लहान रकमांचे वाद पुष्कळदा तेथेच मिटतात. त्यापुढची पायरी जिल्हा ग्राहक आयोगाची. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार जेथे राहतो तेथील आयोगाकडे जाता येते, म्हणून कंपनीचे मुख्यालय अन्य शहरात असले तरी आपल्याला इंदूरमध्येच दाद मागता येईल. करारात लवादाचे कलम, म्हणजे वाद न्यायालयाऐवजी नेमलेल्या त्रयस्थ व्यक्तीकडून सोडवून घेण्याची अट, असले, तरी ग्राहक आयोगाचा मार्ग त्यामुळे बंद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. सेवेपोटी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असल्यास शुल्क लागत नाही, वकील नेमणे बंधनकारक नाही, आणि तक्रार ई-जागृती या संकेतस्थळावरून दाखल करता येते. तक्रारीची मुदत तिचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे, परंतु कंपनीकडील छायाचित्रे आणि जीपीएसच्या नोंदी तितका काळ जपून ठेवल्या जातील असे गृहीत धरू नये. त्या सांभाळून ठेवाव्यात, ही मागणी पहिल्याच ईमेलमध्ये लिहावी.