आजीच्या डब्यातली १९१८ ची गिनी: सोन्याच्या भावाने द्यावी का?

तुम्ही लिहिलंय की लक्ष्मी रोडवरचा सराफ ‘सोन्याच्या भावाने घेतो’ म्हणाला, तर जास्त मिळेल का? थांबा, घाई नको.

आपण गिनी म्हणतो ती खरं तर सॉव्हरिन, म्हणजे इंग्रजांचं एक पौंडाचं सोन्याचं नाणं. खऱ्या गिन्या इंग्लंडात १८१४ नंतर पाडल्याच नाहीत. सॉव्हरिनचं वजन ७.९८ ग्रॅम, सोनं २२ कॅरेट. आता भिंग घ्या. घोडेस्वार ड्रॅगनला मारतोय त्या बाजूला, सालाच्या बरोबर वर, जमिनीच्या रेघेवर बारीक इंग्रजी ‘आय’ दिसतो का? दिसला तर ते मुंबईच्या टांकसाळीचं. तिथे सॉव्हरिन फक्त १९१८ सालीच पडल्या, जेमतेम १३ लाख. संग्राहक सोन्याच्या वर काहीतरी देतात, पण बंगला येईल अशी आशा नको. त्याच साली मुंबईतच पडलेली १५ रुपयांची मोहर निघाली असती, तर गोष्ट वेगळी. वजन तेवढंच, मागणी कितीतरी जास्त.

कडी लावलेली आहे का? आपल्याकडे निम्म्या गिन्या पुतळ्यांसारख्या माळेत ओवलेल्या असतात. कडी जोडायला डाग दिल्याची खूण राहिली की संग्राहक तोंड फिरवतो, मग सराफाचाच भाव खरा. आणि कृपा करून रिठ्याने, टूथपेस्टने घासू नका. आमच्या काकूंनी दिवाळीला हौसेने घासल्या, राजाची दाढी गुळगुळीत!

नाण्यांच्या लिलाववाल्याला दाखवा, वजन आपल्यासमोर करून घ्या. परदेशात मात्र पाठवू नका, शंभर वर्षांवरचं नाणं बाहेर न्यायला १९७२ च्या कायद्याने बंदी आहे.