अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यातल्या बिस्टाय बॅडलँड्सला गाइडशिवाय एका दिवसात जाऊन येता येईल का?

येतं की. बॅडलँड्स म्हणजे वाऱ्यापावसाने झिजलेल्या टेकाडांचा ओसाड प्रदेश. फार्मिंग्टन शहराहून हायवे ३७१ ने दक्षिणेला साठेक किलोमीटर, मग थोडा कच्चा रस्ता. तिकीट नाही, पण पाणी, सावली आणि आखलेली पायवाटही नाही. माणशी निदान चार लिटर पाणी जवळ ठेवा.

खरी भानगड रस्ता चुकण्याची. टेकाडं सगळी सारखीच. मागे वळून पाहिलं की आपण आलो ती घळ कोणती तेच कळेना. म्हणून निघतानाच गाडीची जागा जीपीएसवर नोंदवा, नकाशा ऑफलाइन उतरवून घ्या. ‘फुटकी अंडी’ म्हणतात ते ठिपक्याठिपक्यांचे दगड तीनेक किलोमीटरवर आहेत. वाटेत लाकडाच्या ढलप्या पडलेल्या दिसतील, अगदी सुताराने आत्ताच तासल्यासारख्या. हातात घ्या, दगड निघेल! सुमारे सात कोटी वर्षांपूर्वी इथे दमट जंगल होतं, त्यातली ही झाडं. तुकडा खिशात टाकू नका, बेकायदा आहे.

तंबू चालतो, शेकोटी नाही. ड्रोन घरीच ठेवा. पावसाचा अंदाज असेल तर बेत सरळ रद्द. इथली चिकणमाती भिजली की बूटच काय, गाडीही रुतते.