'मारा' असं कुठे म्हटलंय?

ताई, ऐरोलीच्या मावसभावाबद्दल तुम्ही लिहिलंत ना, नाक्यावरच्या सभेपासून रात्रभर त्याच भाषणाच्या क्लिपा बघतो आणि परवा 'आता आपणच काहीतरी करायला पाहिजे' म्हणाला, घरचे म्हणतात वय आहे, सुटेल. आमच्याकडे कळव्याला पुतण्याचं सेम हेच चाललं होतं. मी वकील नाही, कलमं कुणा जाणकाराकडून तपासून घ्या.

पक्ष, धर्म कुठला ते मी सांगणार नाही. आपल्या भागाने दोन्हीकडचं बघितलंय. २००८ ला वाशीच्या भावे नाट्यगृहात बॉम्ब सापडला, चार दिवसांनी ठाण्याच्या गडकरी रंगायतनच्या पार्किंगमध्ये फुटला, कारण काय तर म्हणे एका नाटकाने भावना दुखावल्या. २०१४ ला कल्याणची चार पोरं आयसिससाठी इराकला गेली.

लोक भाषणात 'मारा, कापा' शोधत बसतात. मुरलेला वक्ता तसं बोलतच नाही हो. तो म्हणतो ते वाढतायत, आपल्या पोरीबाळी सुरक्षित नाहीत, पोलीस गप्प आहेत, वेळ कमी आहे. बहुतेक जण टाळ्या वाजवून घरी जाऊन जेवतात, पण एखाद्याच्या डोक्यात पक्कं बसतं की आपण हल्ला नाही करत, बचाव करतोय. तो एखादा कोण हे वक्त्यालाही माहीत नसतं, म्हणून तर नंतर हात झटकता येतात. रवांडात १९९४ ला रेडिओवरून तिथल्या तुत्सी जमातीच्या लोकांना झुरळं म्हणत राहिले, साधारण शंभर दिवसांत लाखो माणसं मारली गेली. २००३ ला तो रेडिओ चालवणाऱ्यांना आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने दोषी धरलं.

आमचं सगळ्यात जास्त नुकसान केलं ते एका कार्यालयाने, नाव घेत नाही. सभेत आमच्या गल्लीतल्या फळवाल्याकडे सरळ बोट दाखवलं होतं, म्हणून तक्रार घेऊन गेलो, तर तिथले म्हणाले, 'मारा असं कुठे म्हटलंय? काही घडलंय का? घडलं की या.' मग म्हणे, सभा आमच्या हद्दीत नाही. मग म्हणे, सरकारची मंजुरी लागते (ती खटल्याची दखल घ्यायला कोर्टाला लागते, गुन्हा नोंदवायला नाही, हे खूप नंतर कळलं). तोवर क्लिप डिलीट झाली आणि फळवाल्याची गाडी उलटवून त्याला मारलं, घोळक्यात पुतण्या. आज त्याचं पोलीस व्हेरिफिकेशन अडकलंय आणि भाषण ठोकणारा चौकात फ्लेक्सवर हात जोडून हसतोय. असो.

तक्रार तोंडी सांगू नका, लेखी द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यासकट पोच घ्या. सुप्रीम कोर्टाचा २८ एप्रिल २०२३ चा आदेश जोडा, द्वेषाच्या भाषणावर तक्रार नसली तरी सगळ्या राज्यांनी स्वतःहून गुन्हा नोंदवायचा, बोलणारा कुठल्याही धर्माचा असो, नाही नोंदवला तर कोर्टाचा अवमान. भारतीय न्याय संहितेची कलमं १९६ (गटागटांत वैर पसरवणं) आणि ३५३ (लोकांना भडकवणारी विधानं, अफवा) बघा. तक्रार नाहीच घेतली तर डीसीपींना (पोलीस उपायुक्त) स्पीड पोस्टाने, मग मॅजिस्ट्रेटकडे. माझं प्रामाणिक मत, तिसऱ्यांदा त्याच टेबलासमोर जाऊन उभं राहण्यात काही अर्थ नसतो.

भावाशी फॅमिली ग्रुपवर वाद घालू नका. त्याला तिकडे काय मिळतंय ते बघा. पुतण्याला तिथे सगळे 'भाऊ' म्हणायचे, घरात नुसतं 'सध्या काय करतोस' विचारायचे. आणि क्लिप आजच उतरवून घ्या, फॉरवर्ड आलेले तीस सेकंद नकोत, पूर्ण भाषण, लिंक आणि तारखेसकट. ज्या फोनवर उतरवाल तो फॉरमॅट करू नका, कोर्टात साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र (इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं) मागतात.