खोडा नसलेल्या तबेल्यात जंताचे औषध कसे द्यावे?

प्रश्न : आरे वसाहतीत आमचा वडिलोपार्जित लहान तबेला आहे. चौदा म्हशी असून त्यांपैकी नऊ दुभत्या आहेत, शिवाय चार रेडके आहेत. जनावर अडकवण्यासाठी खोडा नाही. दरवर्षी पावसाळ्याआधी दोघे-तिघे मिळून म्हशीचे तोंड वर ओढून धरतात आणि एक जण काचेच्या बाटलीने औषध ओततो. गेल्या वर्षी औषध पाजताना एका म्हशीला जोराचा ठसका लागला, दोन दिवसांनी ताप आला, श्वास घरघरू लागला आणि दूध निम्म्यावर आले. ती वाचली, पण कामगार आता औषध पाजायला धजावत नाहीत. त्यापेक्षा सर्वांना इंजेक्शन द्यावे का? – एक वाचक, गोरेगाव

उत्तर : आपण लिहिलेली लक्षणे पाहता औषधाचा काही भाग श्वासनलिकेत जाऊन फुप्फुसाला सूज आली असावी. यात खोडा नसल्याचा दोष फारसा नाही, कारण खोडा जनावराचे अंग धरतो, त्याचा घसा सांभाळत नाही, आणि तोंड आभाळाकडे केले असते तर खोड्यात उभ्या असलेल्या म्हशीलाही हाच ठसका लागला असता. म्हशीला गिळायचे असेल तर जीभ मोकळी हवी आणि मुस्कट डोळ्यांच्या पातळीच्या फार वर जाता कामा नये. मान ताणली किंवा जीभ बाहेर ओढून धरली की गिळण्याची क्रिया अडते आणि ओतलेला द्रव नको त्या वाटेने उतरतो. काचेची बाटली तर दाढांमध्ये सापडून फुटू शकते, म्हणून ती तबेल्यातून हद्दपारच करावी.

बांधून खाणाऱ्या जनावराला औषध पाजण्याचा हट्ट मुळात धरूच नये, असे माझे मत आहे. मुंबईच्या तबेल्यातील म्हैस दावणीला असते, दोन्ही वेळा ठरलेल्या घटकेला खाते आणि पेंडेचा वास आला की गव्हाणीत तोंड घालते. रानात चरणाऱ्या गुरांच्या मालकाला ही सोय नसते, आपल्याला ती आयती मिळालेली आहे.

औषध देण्याच्या चार दिवस आधीपासून धारेच्या वेळी, मुख्य खाद्य टाकण्यापूर्वी, भिजवलेल्या सरकीच्या पेंडेत थोडा गव्हाचा कोंडा आणि लिंबाएवढा गूळ मिसळून दोन मुठी मिश्रण प्रत्येक म्हशीला वेगळ्या घमेल्यात द्यावे. चौथ्या दिवसापर्यंत म्हशी घमेल्याची वाट पाहू लागतात. पाचव्या दिवशी गोळ्या खलबत्त्यात कुटून त्याच मिश्रणात कालवाव्यात. औषध पूर्ण खाद्यात कधीही मिसळू नये, कारण गव्हाणीच्या तळाशी उरलेल्या चुनीबरोबर अर्धी मात्रा तेथेच राहते आणि शेजारची दांडगी म्हैस ती चाटून जाते. घमेले चाटून स्वच्छ होईपर्यंत एका माणसाने तेथेच उभे राहावे. हा कंटाळवाणा अर्धा तासच सगळ्यात महत्त्वाचा आहे. पावडर खाद्यातून दिल्याने गुण कमी येईल, अशी शंका घेऊ नये. फेनबेंडाझोलसारखी जंतनाशक औषधे कोटीपोटात, म्हणजे जनावराच्या पहिल्या मोठ्या पोटात, साठून सावकाश सुटत राहिली तर उलट अधिक चांगला परिणाम करतात.

आता मात्रेविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण आपल्या पत्रात म्हशींच्या वजनाचा उल्लेख कोठेही नाही. औषध दुकानात ‘मोठ्या जनावराला एक गोळी’ असे सर्रास सांगितले जाते. वजनकाटा नसला तरी शिंप्याची टेप पुरते. पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचा घेर घ्यावा, खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडाच्या टोकापर्यंत लांबी मोजावी, दोन्ही मापे सेंटिमीटरमध्ये लिहावीत आणि घेर गुणिले घेर गुणिले लांबी या गुणाकाराला 10,840 ने भागावे. घेर 190 आणि लांबी 150 असलेल्या म्हशीचे वजन या हिशेबाने साधारण 500 किलो येते. फेनबेंडाझोलची मात्रा किलोला 5 मिलिग्रॅम धरली तर या म्हशीला अडीच ग्रॅम औषध हवे. बाजारातील दीड ग्रॅमची गोळी 300 किलोच्या जनावरासाठी पुरते, म्हणजे एकाच गोळीवर भागवणाऱ्या तबेल्यात अशा 500 किलोच्या म्हशीला जेमतेम किलोला 3 मिलिग्रॅम पोचतात. अशा अपुऱ्या मात्रेतून जे जंत वाचतात तेच पुढची पिढी वाढवतात आणि काही वर्षांनी ते औषध तबेल्यात निकामी ठरते. या औषधात सुरक्षिततेला बराच वाव असल्याने येथे दोन गोळ्या देणे योग्य होय. अल्बेंडाझोल हे दुसरे जंतनाशक वापरत असाल तर गाभण म्हशीला पहिल्या दीड महिन्यात ते देऊ नये, हे लक्षात असू द्यावे.

त्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारावा : चौदाही म्हशींना औषधाची गरज आहे का? बारमाही बांधलेल्या प्रौढ जनावरात गोलकृमींचा, म्हणजे पोटातल्या गोल जंतांचा, उपद्रव चरणाऱ्या जनावरापेक्षा कमी असतो. मुंबईत खरी शंका घ्यावी ती नाल्याकाठच्या आणि पाणथळ जागेतील हिरव्या गवताची, कारण गोगलगाईंतून बाहेर पडलेल्या पर्णकृमींच्या, म्हणजे पानासारख्या चपट्या जंतांच्या, अळ्या अशा गवताला चिकटून गव्हाणीपर्यंत येतात. त्यांच्यावर फेनबेंडाझोलची नेहमीची मात्रा विसंबण्यासारखी नाही, ऑक्सिक्लोझानाइडसारखे वेगळे औषध लागते. म्हणून पाच-सहा म्हशींचे ताजे शेण वेगवेगळ्या डब्यांत भरून, डब्यावर म्हशीची खूण लिहून, त्याच दिवशी परळच्या मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयात तपासणीसाठी न्यावे. ही संस्था 1886 पासून चालू आहे. अहवाल हाती आल्यावर कोणते औषध द्यायचे हे आपल्या पशुवैद्यकांशी बोलून ठरवावे.

एखादी म्हैस घमेल्याला तोंडच लावणार नाही. तिच्यासाठी द्रव औषध प्लास्टिकच्या बाटलीत किंवा पाजण्याच्या पिचकारीत घ्यावे. म्हशीला भिंतीशी समांतर उभे करावे, मोरखीचा (तोंडाभोवतीच्या दाव्याचा) दोर खांबाला एका झटक्यात सुटेल अशा गाठीने बांधावा आणि दुसऱ्या बाजूने एका माणसाने खांद्याला खांदा लावून उभे राहावे. गळ्यात सरकणारा फास मात्र टाकू नये. औषध देणाऱ्याने म्हशीच्या मानेजवळ उभे राहून ओठांच्या कोपऱ्यातून, जेथे पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये मोकळी जागा असते, तेथून बोट आत सरकवले की ती जीभ हलवू लागते. त्याच जागेतून थोडे थोडे औषध सोडावे, घोट गिळल्याचे गळ्यावर दिसले की पुढचा घोट द्यावा आणि ठसका लागताच डोके पूर्ण सोडून द्यावे. उरलेले औषध सांडले तर सांडू द्यावे. तबेल्याचा कोबा शेणामुताने निसरडा असतो, म्हणून आधी गोणपाट अंथरावे. या कामासाठी म्हैस पाडणे, विशेषतः गाभण म्हैस, मला अजिबात मान्य नाही.

इंजेक्शनाबद्दल आपण विचारले आहे. आयव्हरमेक्टिन या जंतनाशकाचे इंजेक्शन सोपे आहे हे खरे, पण दुभत्या म्हशीचे दूध विकायचे असेल तर ते टाळावे, आणि पर्णकृमींवर त्याचा उपयोग होत नाही. कोणतेही औषध घेताना वेष्टनावर दूध किती दिवस वापरू नये हे पाहावे. तसा कालावधी निश्चित केलेला नसेल तर आपल्या औषध नियमांनुसार दुधासाठी किमान सात दिवस धरावे लागतात. नऊ दुभत्या म्हशींना एकाच दिवशी औषध देण्यापेक्षा तीन-तीनच्या गटांत दिले तर रतीब बंद पडणार नाही.

रेडकांची गोष्ट निराळी असून त्यांच्याबाबत दिरंगाई चालत नाही. त्यांच्यातील मोठे गोलकृमी आईच्या दुधातूनच पोटात येतात, त्यामुळे जन्मानंतर दहा ते पंधरा दिवसांच्या आत पहिली मात्रा द्यावी. पोट सुटलेले आणि मातकट, दुर्गंधीयुक्त हगवण लागलेले रेडकू दिसेपर्यंत थांबल्यास उशीर झालेला असतो. रेडकाला भिंतीच्या कोपऱ्यात पाठ टेकवून धरले की एकटा माणूसही पिचकारीने औषध देऊ शकतो.

प्रश्न : मी मुलुंडला राहते. मुरबाडजवळ माहेरी अकरा गावठी गुरे आहेत, ती दिवसभर रानात असतात. त्यांतील चार गायी कोणालाच जवळ येऊ देत नाहीत. त्यांना जंताचे औषध कसे द्यावे, हे भावाला समजत नाही. – एक वाचक, मुलुंड

उत्तर : गुरे संध्याकाळी गोठ्यात परततात, त्या वाटेचाच उपयोग करावा. भावाने गोठ्याच्या दाराला लागून जमिनीत दोन-तीन फूट रुतवलेल्या वाशांची, सुमारे अडीच फूट रुंदीची गल्ली तयार करावी. तिला मागून-पुढून अडसर घालता आला पाहिजे. मात्र पहिले आठ-दहा दिवस अडसर घालूच नये, गल्लीच्या टोकाला मीठ लावलेला कोंडा ठेवून गुरांना आपणहून येऊ-जाऊ द्यावे. गुरे बिनधास्त येऊ लागली की पशुवैद्यकांना बोलवावे, त्यासाठी 1962 या क्रमांकावर फिरत्या पथकाची चौकशी करता येते. दूध न देणाऱ्या 250 किलोच्या गायीला आयव्हरमेक्टिनच्या एक टक्का द्रावणाचे 5 मिलिलिटर कातडीखाली पुरतात. मोकळ्या गायीच्या मागे सुई घेऊन धावू नये, सुई मोडून अंगात राहते. आणि काम झाल्यावर त्याच संध्याकाळी त्याच गल्लीत पुन्हा कोंडा ठेवावा, नाहीतर पुढच्या वेळी पहिलीच गाय दारात थबकेल आणि तिच्यामागच्या दहाही तेथूनच परत फिरतील.