महासंगणक आणि विजेतला न्याय

प्रश्न : मी पुण्यात भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करते आहे. संगणकीय गणिताची मला ओढ आहे. परंतु बिलाच्या धास्तीने भर उन्हाळ्यात पंखासुद्धा जपून लावणारी घरेही मी जवळून पाहिली आहेत. महासंगणनात शिरून अशा घरांसाठी काही करता येईल का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : निश्चित करता येईल. सगळी वीज नवीकरणीय स्रोतांतून कशी मिळवावी, हा प्रश्न लॉस एंजेलिस शहराने कोलोराडोतील राष्ट्रीय नवीकरणीय ऊर्जा प्रयोगशाळेपुढे ठेवला होता. तेथील शास्त्रज्ञांनी ‘ईगल’ या महासंगणकावर दहा कोटींहून अधिक सिम्युलेशन्स (प्रत्यक्ष परिस्थितीच्या संगणकीय प्रतिकृती) चालवून २०२१ मध्ये अहवाल दिला. शहराची एकूण मागणी मांडायला साधा संगणकही पुरतो; पण कोणत्या छपरावर किती सौरपॅनेल बसतील आणि कोणत्या वस्तीतील वाहिनीवर कोणत्या वेळी किती भार येईल, हे पाहायचे तर इमारतींच्या पातळीवर उतरावे लागते. तेथे उतरले की सरासरीमागे झाकलेली माणसे दिसू लागतात.

स्वच्छ विजेचा लाभ सर्वच वस्त्यांना होईल, मात्र त्याची वाटणी न्याय्य व्हायची तर धोरणही मुद्दाम तसेच आखावे लागेल, असे त्या अहवालात आढळले. म्हणून रहिवाशांना सोबत घेऊन दुसरा अभ्यास झाला आणि तो २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्याचे छप्पर स्वतःचे नाही, त्या भाडेकरूला सौरऊर्जेचे अनुदान कसे मिळणार, उष्णतेच्या लाटेत कोणाच्या घरात गारवा नसतो, असे प्रश्न त्यात आले. माझ्या मते हा दुसरा टप्पाच अधिक मोलाचा आहे, कारण यंत्राला काय विचारायचे हे तेथे बिले भरणाऱ्यांकडून समजून घेतले गेले.

तुमच्यासाठी वाट पुण्यातूनच सुरू होते. संख्यात्मक पद्धती, सी++ किंवा फोरट्रान ही संगणकभाषा आणि समांतर प्रोग्रामिंग (एक काम अनेक प्रोसेसरांवर एकाच वेळी वाटून चालवणे) पक्के करा. १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक घडवणारी सी-डॅक संस्था आणि ‘परम ब्रह्म’ हा महासंगणक असलेली आयसर ही विज्ञान शिक्षण-संशोधन संस्था, दोन्ही तुमच्याच शहरात आहेत. वीजधोरणावर दीर्घकाळ काम करणाऱ्या ‘प्रयास’च्या ऊर्जा गटाने घरोघरच्या वीजपुरवठ्याचा दर्जा यंत्रे बसवून मोजला आहे, त्या नोंदी अवश्य अभ्यासा. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग वीजदरांवर जाहीर सुनावण्या घेतो. पीएच.डी.चा विषय ठरवण्याआधी त्यांपैकी एखादीला हजर राहून ग्राहक काय मांडतात, ते ऐका.