भेरली माड पहिल्यांदाच लावताय?

छान झाड निवडलंत! सह्याद्रीच्या ओल्या रानातला हा माड, माशाच्या शेपटीसारख्या पानांवरून लांबूनही ओळखू येतो.

पिकून लाल झालेली फळं उघड्या हातांनी मुळीच चोळू नका. गरात सुईसारखे बारीक स्फटिक असतात, ते कातडीत टोचतात. मी पहिल्या वेळी हातानेच गर काढला आणि रात्रभर बोटांची आग होत होती. हातमोजे घाला, गर भरपूर पाण्यात धुऊन काढा आणि बी लगेच पेरा. फार वाळलं की रुजणं कठीण.

- पिशवी खोल घ्या, माती भुसभुशीत हवी.
- उगवायला दोन-चार महिने लागतात, कधी जास्तही. मधेच उकरून बघू नका. नवखे लोक इथेच कोंब मोडतात.
- लहान रोपाला सावली आणि ओलावा द्या, पण पाणी साचू देऊ नका.

जागा मात्र आत्ताच ठरवा, घराला खेटून नको. झाड १५ मीटरपर्यंत सहज जातं. एकदा फुलायला लागलं की शेंड्याकडून खाली एकेक घोस येत जातो आणि काही वर्षांनी झाड मरतं. ते उंच खोड पुढे कापून उतरवावं लागतं. खतांबद्दल, रोप हातभर झाल्यावर बोलू.