वाचकांचे प्रश्न : नवं मशीन घेण्याआधी

प्रश्न : आमच्या शॉपमध्ये तीन सीएनसी (संगणकाच्या आज्ञेवर चालणाऱ्या) लेथ आहेत. माल वेळेवर जात नाही म्हणून चौथी घ्यायचं घाटतंय. त्याआधी ‘मशीन मॉनिटरिंग’ (मशीन कधी चाललं, किती नग निघाले याची आपोआप नोंद ठेवणारी यंत्रणा) बसवा, असं एकाने सुचवलं. त्यातून खरंच काही कळतं का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : कळतं, आणि चौथ्या लेथचा निर्णय त्यानंतरच घ्या. आधी कागदावर हिशेब करून पाहा. आठ तासांच्या पाळीतून जेवणाचा अर्धा तास वजा करता ४५० मिनिटं उरतात. समजा, मशीन प्रत्यक्ष २९० मिनिटं चाललं, एका जॉबचा सायकल टाइम, म्हणजे एक नग करायला लागणारा वेळ, ४ मिनिटं आहे, ६० नग निघाले आणि त्यातले ५७ पास झाले. उपलब्धता (४५० पैकी २९० मिनिटं) ६४ टक्के, वेग (६० नगांची २४० मिनिटं, लागली २९०) ८३ टक्के, दर्जा (६० पैकी ५७) ९५ टक्के. तिन्हींचा गुणाकार जेमतेम ५१ टक्के. म्हणजे निम्मं मशीन तुमच्याकडे आधीच पडून आहे.

हे आकडे मिळवायला फार खर्च नाही. मशीनची स्थिती दाखवणाऱ्या रंगीत दिव्यांच्या खांबाचा, म्हणजे टॉवर लॅम्पचा, हिरव्या दिव्याचा सिग्नल घ्या; मशीन चालू असताना तो लागतो. तो बहुधा २४ व्होल्टचा असतो आणि नोंद घेणाऱ्या ईएसपी३२ सारख्या छोट्या, स्वस्त कंट्रोलर बोर्डाची पिन ३.३ व्होल्टचीच असते. मध्ये ऑप्टो-आयसोलेटर (प्रकाशातून सिग्नल देऊन दोन्ही बाजूंची वीज वेगळी ठेवणारा भाग) घातला नाही तर बोर्ड जळतो. शील्डेड (बाहेरून धातूची जाळी असलेली) केबल वापरा, ती जाळी एकाच टोकाला अर्थिंगला जोडा आणि ही केबल मोटर चालवणाऱ्या ड्राइव्हच्या पॉवर केबलपासून लांब ठेवा. नाहीतर मशीन बंद असतानाही ‘चालू’ची नोंद पडते.

मात्र नुसत्या दिव्यावर विसंबू नका. ऑपरेटरने फीड ओव्हरराइड (टूल पुढे सरकण्याचा वेग कमी-जास्त करणारं बटण) ५० टक्क्यांवर आणला तरी दिवा हिरवाच राहतो. म्हणून नगांची मोजणीही हवी. ती साधारण प्रोग्राम संपल्याचं सांगणाऱ्या शेवटच्या एम३० या आज्ञेवर होते. एका प्रोग्राममध्ये दोन नग निघत असतील तर आकडा दुप्पट करायला विसरू नका.

मशीन का थांबलं, हे मात्र कोणताही सेन्सर सांगत नाही. त्यासाठी मशीनपाशी सहा बटणं पुरेत : सेटिंग (नव्या जॉबसाठी मशीनची तयारी), इन्सर्ट (टूलचं धारेचं टोक) बदल, माल नाही, तपासणीसाठी थांबलं, बिघाड, ऑपरेटर नाही. वीस कारणं दिलीत तर घाईत पहिलंच दाबलं जाईल. चार आठवडे नोंदी घ्या. सेटिंगमध्येच वेळ जात असेल तर सॉफ्ट जॉ (जॉबच्या मापाला कापलेले चकचे जबडे) आणि टूल आधीच तयार करून ठेवणं हा चौथ्या लेथपेक्षा कितीतरी स्वस्त इलाज आहे.

प्रश्न : आपल्यावर पाळत ठेवली जातेय, असं ऑपरेटरना वाटतं. काय करावं?

उत्तर : पहिल्या दिवशीच सांगा, की या आकड्यांवरून कुणाचाही पगार कापला जाणार नाही, आणि तो शब्द पाळा. एकदा जरी कापलात तरी पुढे प्रत्येक थांब्याला ‘माल नाही’चंच बटण दाबलं जाईल. स्क्रीन मालकाच्या केबिनमध्ये ठेवू नका, शॉपमध्ये लावा.

प्रश्न : आमचं निम्मं काम क्रँकशाफ्ट आणि कनेक्टिंग रॉडचं आहे. विजेवरच्या गाड्यांमुळे ते जाईल का?

उत्तर : विजेवरच्या गाडीत हे दोन्ही भाग नसतात; ब्रेक, सस्पेन्शन, चाकांचे हब राहतात. सीएनजी आणि हायब्रिड गाड्यांना इंजिन लागतंच, त्यामुळे चालू लाइन मोडू नका. फक्त तिच्यात नवं भांडवल घालण्याआधी दहादा विचार करा.

तुमच्या लेथला जवळचं काम म्हणजे विजेवरच्या गाडीच्या मोटरचा रोटर शाफ्ट. टर्निंग जमेल, पण बेअरिंगच्या जागा मायक्रॉनमध्ये ग्राइंड कराव्या लागतात आणि बॅलन्सिंगही लागतं, कारण कारच्या मोटरी मिनिटाला १०,००० फेऱ्यांच्या वर फिरतात. दुसरं काम ॲल्युमिनियमच्या मोटर हाउसिंगचं (मोटरच्या बाहेरच्या कवचाचं), आणि इथे फसगत जास्त होते. भिंत पातळ असते. तीन जबड्यांच्या चकमध्ये आवळून बोअर केलं तर मशीनवर गोल दिसतं, सोडलं की तिकोनी होतं. अक्षाच्या दिशेने दाबणारं फिक्स्चर करा, शेवटचा कट घेण्याआधी पकड सैल करा. मशीनिंगमध्ये कास्टिंगची छिद्रं उघडी पडून नग लीक टेस्टला नापास झाला, तर मशीनिंगची मजुरी कुणी सोसायची, हे फाउंड्रीशी कोटेशनच्या वेळीच लेखी ठरवा. आणि आयएटीएफ १६९४९ या वाहन उद्योगाच्या दर्जा-व्यवस्थापन प्रमाणपत्राची तयारी आत्तापासूनच सुरू करा. मोठे गाडी-उत्पादक आणि त्यांचे थेट पुरवठादार नव्या पुरवठादाराकडे आधी तेच मागतात.